खांद्यावरचा हात

"भाऊ, माझ्या खांद्यावर हा कुणाचा हात राहिलाय? पुसून टाका ना," नलिनीताईंनी फोटो पुढे केला.

विलासरावांनी थकून चष्मा काढला. स्टुडिओतल्या संगणकावर फोटो बदलला की तो क्लाउडवर जाई आणि तिथून गिऱ्हाइकाच्या घरच्या सगळ्यांच्या आठवणीत. फोटोतून गेलेला माणूस डोक्यातूनही जाई. अशी किती माणसं त्यांनी पुसली होती! स्वतःच्या डोक्याला मात्र त्यांनी क्लाउडशी जोडणारं ते सिंक लावून घेतलं नव्हतं. कुणाच्या तरी लक्षात राहायला हवं ना.

हा फोटो त्यांनीच काढला होता. नवी नवरी शेजारी, नवरा हात ठेवायला लाजत होता. शेवटी विलासरावांनीच तो उचलून तिच्या खांद्यावर ठेवला होता. नवरा वारल्यावर नलिनीताई याच स्टुलावर बसून रडल्या होत्या. "सहन होत नाही हो. काढून टाका यांना. हात तेवढा राहू द्या."

"पुसताय ना?"

"तो निघत नाही, ताई," विलासराव मागच्या वेळचंच खोटं पुन्हा बोलले.

नलिनीताईंनी फोटो जवळ धरला. "कुणाचा का असेना, किती लाजून ठेवलाय बघा," त्या म्हणाल्या. "राहू दे मग."