घडीतली चूक

कागदाच्या घड्या घालून पशुपक्षी करणाऱ्यांच्या त्या ऑनलाइन ग्रुपवर हल्ली कलेपेक्षा उणीदुणीच जास्त निघत. आजोबांच्या बगळ्याखाली आजही ‘तिखटमीठ’ नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं, ‘साधी धडी जमत नाही आणि चालला म्हातारा शिकवायला!’

“किती ऐकून घ्याल? सोडा तो ग्रुप,” आजी कडाडल्या. “आणा इकडे फोन, मीच काढते तुमचं नाव.”

आजोबांनी फोन घट्ट धरून ठेवला. “नको गं. ‘घडी’ची ‘धडी’ केलीय बघ. कितीदा गिरवून घेतलं, तरी आपल्या लेकाचा ‘घ’-‘ध’चा घोळ काही सुटला नाही. घर सोडल्यापासून तो माझ्याशी बोलतो ते एवढंच.”

आजींनी फोनसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. म्हणाल्या, “उद्याचा बगळा जरा वाकडाच करा.”