चोराचे आभार

“अभिनंदन, वित्स्के! वडिलांच्या वाढदिवसाचं!” शेजारच्या त्रिन्त्येबाईंनी वित्स्केचे गाल चुंबले आणि त्या तिच्या मुलीकडे, निन्केकडे वळल्या. “आणि तुझंही गं, आजोबांच्या वाढदिवसाचं! अगं बाई, उंच झालीस की काय?”

“उंच नाही, ताठ झाली,” दाऊवे आजोबा कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणाले. वाढदिवस त्यांचा होता, पण तिथल्या रीतीप्रमाणे अभिनंदन घरातल्या सगळ्यांचं, अगदी मांजराचंसुद्धा होणार होतं.

आजोबांच्या बैठकीच्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या होत्या. गुलाबी साखरेचा थर दिलेला केक सगळ्यांपुढे फिरला. वित्स्केनं लेकीकडे पाहिलं आणि तिचा ऊर भरून आला.

हिवाळ्यात त्यांच्या घरच्या सोफ्यावर ही पोर मुटकुळं करून पडलेली असायची. हनुवटी छातीला टेकलेली, मोबाईल नाकाशी. पंधरा वर्षांची मुलगी, पण जिना चढली की धाप लागायची. मान आखडलेली, झोप उडालेली, सकाळी उठावं तर डोकं ठणकतंय. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी तिचे खांदे दाबून पाहिले आणि स्पष्टच विचारलं, “ही दिवसभरात हलते तरी कधी? पायांत काही जोरच नाही.”

शाळेला जाताना हलते, असं वित्स्के म्हणणार होती. पण तेवढं हलणंही तिनंच बंद केलं होतं. सगळ्या मैत्रिणींकडे जाड चाकांची बॅटरीवरची सायकल आहे, मलाही हवी, असा निन्केनं वर्षभर धोशा लावला होता. शेवटी वित्स्केनं वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात रविवारचं जादा काम धरलं आणि ती काळी चकचकीत सायकल दारात आणली. पायडल तिला नुसतं नावाला. मग काय, पोर सोफ्यावरून उठून सायकलवर बसायची आणि सायकलवरून उतरून शाळेच्या बाकावर.

मार्चमध्ये ती सायकल स्टेशनाजवळून चोरीला गेली.

निन्केनं घरी येऊन दोन्ही किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि मान खाली घातली. वित्स्के वडिलांच्या स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडली. पण नवल कुणालाच वाटलं नाही. ज्याची सायकल कधी चोरीला गेली नाही असा माणूस त्या गावात शोधून सापडला नसता.

“पोलिसांकडे जाऊन काय उपयोग?” दाऊवे म्हणाले होते. “ते हसतील नुसते. माझी जुनी सायकल ने म्हणावं तिला. तिला चोरसुद्धा विचारत नाही.”

त्या किल्ल्या निन्केनं लाल दोरीत ओवल्या आणि गळ्यात घातल्या. आठवण म्हणून, असं म्हणाली.

दाऊवेंची सायकल म्हणजे निव्वळ लोखंड. गियर नाही की काही नाही. त्यात बंधाऱ्यावरचा वारा, येताना हमखास समोरून. पहिल्या आठवड्यात निन्के लालबुंद होऊन यायची आणि जेवता जेवता पेंगायची. मोबाईल खिशातच राहायचा. त्या वाऱ्यात एक हात सोडायचा म्हणजे थेट कालव्यात. उन्हाळा आला तोवर मान दुखायची थांबली होती. आता ती जिना दोन-दोन पायऱ्या गाळून चढायची.

वित्स्केनं कॉफीचा कप उंच धरला. “बाबा, तुम्हाला दीर्घायुष्य! आणि एक सांगू? मी रोज त्या चोराचे आभार मानते. जिथं असेल तिथं सुखी राहो मेला!”

सगळे खदखदून हसले. दाऊवेंना ठसका लागला. निन्के केकच्या थरातली साखर काट्यानं उकरत बसली.

तेवढ्यात आणखी पाहुणे आले आणि खुर्च्या कमी पडल्या.

“मागच्या शेडमधून आणते,” वित्स्के उठली.

“थांब, मी आणतो!” दाऊवे घाईघाईनं म्हणाले.

“गप्प बसा हो. वाढदिवस आहे तुमचा.”

शेडमध्ये खुर्च्यांवर ताडपत्री टाकलेली होती. तिनं ती ओढली तशी पलीकडची बाजूही घसरली. खाली काळी चकचकीत सायकल होती. जाड चाकं. कुलूप जसंच्या तसं, घट्ट लावलेलं.

दाऊवे धापा टाकत दारात येऊन उभे राहिले.

“बाबा,” वित्स्के वळून न बघता म्हणाली, “मी तुमच्यासमोर रडले होते.”

“हो गं.”

“आणि तुम्ही मला कॉफी करून दिलीत. शांतपणे.”

“साखर जरा जास्त घातली होती.”

तिला संताप आला. या वयात, सख्ख्या नातीची सायकल! पण खिडकीतून आत हसत बसलेली निन्के दिसली, पाठ सरळ, गालांवर रंग, आणि संताप जागच्या जागी विरला. तिनं पुढे होऊन वडिलांना घट्ट मिठी मारली.

“तुमचे उपकार कसे फेडू? मला आई असून जमलं नाही ते तुम्ही केलंत.” तिनं डोळे पुसले. “द्या आता किल्ली. विकून टाकू ही ब्याद.”

दाऊवे अवघडून उभे राहिले.

“चोर सोडून संन्याशाचे आभार मानतेस, पोरी. मी नुसती शेड दिली. ‘या सायकलनंच पायांतला जोर गेला माझ्या, पण आईचे सगळे रविवार गेलेत यात, नको म्हटलं तर तिला वाईट वाटेल,’ म्हणून मुसमुसत आणून ठेवली ती कुणी वेगळ्यानंच.” त्यांनी खिडकीकडे बोट केलं. “किल्ल्या बघ ना, कुणाच्या गळ्यात आहेत.”