पाण्याखाली तेरा मीटर

चुडाव्याच्या आश्रुबानं जन्मभर विहिरी खोदल्या, त्याला खोलीचा आकडा कुणी शिकवायची गरज नव्हती. पोरगा नागसेन कोळशाच्या जहाजावर होता आणि मोबाइलवर त्या जहाजाची सगळी कुंडली दिसायची. तळापासून डोलकाठीच्या टोकापर्यंत उंची अठ्ठेचाळीस मीटर. त्यातलं पाण्याखाली तेरा.

आज सकाळी तेराचे वीस झाले. मग सदतीस.

त्यानं कंपनीत फोन लावला. "अ‍ॅपची चूक असेल काका, जहाज वेळेवर चाललंय," साहेब हसत म्हणाला. त्या भाड्याचं काय जातंय! त्याचं पोरगं थोडंच जहाजावर होतं.

भर दुपारी आकडा साठवर गेला. म्हणजे डोलकाठीच्याही वर बारा मीटर पाणी. जहाजाचा वेग मात्र तोच.

एवढ्यात नागसेनचाच फोन आला.

"बाबा, जेवलाव का?" आवाज ठणठणीत.

"जेवण गेलं चुलीत! तू कुठं हायस?"

"डेकवर उभा हाय की. काय झालं?"

आश्रुबानं फोन कानाशी दाबला. "वर बघ. सूर्य दिसायलाय का?"

"दिसायलाय की," नागसेन म्हणाला. "लय वर हाय बाबा. हिरवा."