दोनशे तासांचा पेशंट

तास सातवा

"बाबा, तुम्ही पुन्हा मदत केलीत."

"मी? मी तर मेल्यासारखा पडलोय."

"कोपर टेकवलंत. मला कळलं."

बाबा ओशाळले. चाळीस वर्षं गोदामात पोती उचललेला माणूस. कुणी ओझ्याला हात घातला की त्यांचं अंग आपोआप पुढे व्हायचं. आता ओझं ते स्वतःच होते, एवढाच फरक.

परदेशातल्या वृद्धाश्रमात नोकरी हवी तर निघण्याआधी घरी दोनशे तासांचा सराव हवा. पेशंटची डावी बाजू लुळी आहे असं धरायचं. त्याला कुशीवर वळवायचं, पुसून काढायचं, भरवायचं, चाकांच्या खुर्चीत बसवायचं. शेवटी परीक्षा, तीही त्याच पेशंटवर. पेशंट म्हणून घरचं माणूस चालायचं, आणि बहुतेक मुली तिथेच नापास व्हायच्या. आईबाप मायेपोटी स्वतःच उचलले जायचे आणि परीक्षकबाई फुली मारायच्या.

वयाची अट पस्तीस. तिचं पस्तिसावं सरत आलं होतं. पुढच्या वर्षी असं काही नव्हतंच.

"डावा हात तुमचा नाहीच असं समजा," ती म्हणाली.

"मग कुणाचा?"

"शेजाऱ्याचा."

"मग त्याला म्हणावं, आधी आमची शिडी परत कर."

आत्या दारात उभी राहून बघत होती. "अगं, हा शाळा चुकवायला पोट दुखतंय म्हणायचा, तेसुद्धा याला धड जमायचं नाही. मास्तर हसून हसून बेजार व्हायचे. आणि हा तुझा पेशंट."

तास एकसष्टावा

मी आता तुम्हाला वळवते आहे. दुखलं तर सांगा. ही वाक्यं ती तिकडच्या भाषेत म्हणायची. बाबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी एकच शब्द पाठ केला होता, आभाराचा, आणि तो ते कुठेही ठोकून द्यायचे.

"तिकडचे म्हातारे इतकं गोड बोलत नाहीत, बाबा."

"मग दोन शिव्या शिकव. परीक्षेत देतो."

ती हसली. मग तिचे हात थांबले.

"तुम्ही हिंडते-फिरते आहात म्हणून जातेय मी. नाहीतर फॉर्मच भरला नसता."

"माहीत आहे."

"तुम्हाला जरा काही झालं तरी मी जाणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

"माहीत आहे गं. वळव आता, नर्सबाई. पाठीला रग लागली."

तिने वळवलं. बाबांनी गुडघा रोवून अर्धं वजन स्वतःच पेललं होतं.

तास एकशे सेहेचाळिसावा

त्या सकाळी बाबा अंथरुणातून उठलेच नाहीत.

"आजपासून दिवसभर पेशंट," ते म्हणाले. "खरा पेशंट काय तास संपला म्हणून उठून चहा करतो?"

शब्द तोंडाच्या एकाच कोपऱ्यातून येत होते.

"तोंड वाकडं करायचे गुण नाहीत, बाबा."

"असू दे. करायचं... तर नीट."

तिने पाठीखाली हात घातला आणि पहिल्यांदाच सगळं वजन तिच्यावर आलं. ओल्या पोत्यासारखं. ती कोलमडलीच होती, पण पुस्तकात दिल्याप्रमाणे गुडघे वाकवले, श्वास धरला आणि त्यांना कुशीवर घेतलं. ना कोपर, ना टाच.

"आत्या, पाहिलंस? जमलं यांना."

आत्या भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही. "जमलं बाई एकदाचं."

दुपारी तिला दुकानात कामाला जावं लागायचं.

"मी गेल्यावर उठतात ना गं?"

"उठतो की. पेपर वाचतो, येरझाऱ्या घालतो. तुझी चाहूल लागली की पुन्हा आडवा." आत्याने घासलेलं पातेलं परत घासायला घेतलं.

एका संध्याकाळी पेपर दाराशी टाकलेला तसाच होता, न उलगडलेला. तिने तो उचलला आणि रद्दीत ठेवून दिला.

तास दोनशेवा

परीक्षेची खोली लांबट होती. खाट, पडदा, कोपऱ्यात बेसिन, त्यावर आरसा. परीक्षकबाई खाटेभोवती हळूहळू फिरत राहिल्या. त्यांची नजर तिच्यावर नव्हतीच. बाबांच्या कोपरावर होती, गुडघ्यावर होती, टाचेवर होती.

खुर्चीतून खाटेवर. उजव्या कुशीवर. परत पाठीवर. पुसणं, कपडे बदलणं, चमच्याने पाणी. पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळलं, तिने ते टिपलं. वाक्यं न अडखळता आली. शेवटी बाबांनी आभाराचा तो शब्द म्हटला. अर्धाच उमटला.

"पेशंटने कुठेच मदत केली नाही," परीक्षकबाई म्हणाल्या. "तेवीस वर्षांत पहिलाच माणूस."

"फार मेहनत घेतली त्यांनी."

"हो. दिसतंय." बाईंनी सही न करताच निकालाचा फॉर्म खाटेवर ठेवला. "हात धुऊन या."

ती बेसिनपाशी गेली. नळाला बारीक धार होती. तिने साबण लावला आणि आरशात पाहिलं.

परीक्षकबाईंनी छातीवरच्या बिल्ल्याची पिन काढली. बाबांच्या पायावरची चादर सरकवली आणि पिन डाव्या तळव्यात टोचली. पाय हलला नाही. त्यांनी ती आणखी खोल दाबली. तळव्यावर रक्ताचा थेंब आला. बाबा छताकडे पाहत होते.

"कधीपासून?" बाईंनी हलक्या आवाजात विचारलं.

बाबांचा उजवा हात चादरीतून बाहेर आला. त्याने खाटेवरचा फॉर्म बाईंकडे सरकवला.

"आधी... सही करा."

आरशात पेन कागदावरून उचललेलं दिसेपर्यंत तिने नळ बंद केला नाही.