एक हजार नऊ पाहुणे

फेटा बांधायचा राहिला, एवढं निमित्त निवृत्तीदाजींना पुरेसं होतं. नवरीच्या आत्याचे यजमान ते. घरातल्या प्रत्येक लग्नात रुसून निघायचे आणि हातापाया पडून परत आणले जायचे. आजही ऐन जेवणाच्या वेळी मांडवाच्या मधोमध उभं राहून ते गरजले, "मी चाललो! या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही!"

नेमकं तेव्हाच वाढपी यंत्र बोललं. सगळ्या पंगती सारख्या असल्याशिवाय ते वरणाचा थेंबही वाढत नसे. "पाहुणे एक हजार नऊ. ही मूळ संख्या आहे, हिला कशानंच भाग जात नाही. एकच पंगत मांडा, ती ओढ्यापलीकडे जाईल. नाहीतर प्रत्येकाची वेगळी पंगत."

आकडा कमी करायला हवा होता. भुकेल्या पाहुण्याला 'तू ऊठ' कोण म्हणणार?

"एक कमी झाला तर बेचाळीसच्या चोवीस पंगती!" नवरीनं बसल्या जागी हिशेब केला.

सगळ्यांच्या माना दाजींकडे वळल्या. नवरीचे वडील संपतराव हात जोडून पुढे आले. "दाजी, तुम्ही निघालाच होता ना? डबा घरी पोचवतो, फेट्यासकट."

दाजींनी तिथंच फतकल मारली. "आता तर जेवूनच जाणार!"

उरलेली एक हजार आठ माणसं त्यांची मनधरणी करायला उठली. इतका मान दाजींना आजवर कुठल्याच लग्नात मिळाला नव्हता. त्यांनी तोंड फिरवलं. एवढ्यात ऐकायचा त्यांचा मुळीच विचार नव्हता.