चढावरचं बटण

हावर्दुरच्या सासूबाईंकडे नाताळाआधीचं आंबवलेल्या माशाचं जेवण होतं. तो वास त्याला मुळीच सोसायचा नाही. पण दैव धावून आलं आणि खिंडीच्या चढावर जीप बर्फात रुतली. चाकं घसरली रे घसरली की गाडी आपणच इंजिनाचा जोर काढून घ्यायची.

मनातून खूश होत, चेहरा पाडून तो बायकोला म्हणाला, "जोरच धरत नाही गं ही. परत फिरू या."

सोल्रूनने हात लांबवून घसरण रोखणारी यंत्रणा बटण दाबून बंद केली. "आता दे रेस."

चाकं गरगरली, बर्फ उडाला आणि जीप गुरगुरत चढून गेली.

"तुला हे बटण कधीपासून माहीत?"

"गाडी घेतली तेव्हापासून."

"मग मागच्या नाताळात इथेच रुतून परत फिरलो, तेव्हा का नाही बोललीस?"

"तेव्हा तुझ्या आईकडे चाललो होतो."