चुलीतला विस्तव

"ऊनामावशी, चुलीपासून बाजूला हो," दारात बादली घेऊन उभा असलेला डर्मट म्हणाला.

तिसऱ्या वर्षीही बटाटा शेतातच सडला होता आणि आयर्लंडभर जमीनदार खंड थकलेल्या कुळांना घराबाहेर काढत होते. चुलीतला विस्तव विझवला की घर रिकामं झालं, असं मानत. या कामाला पीठ मिळायचं, म्हणून शेजारचाच डर्मट आला होता.

ऊनाची चूल तिच्या आजेसासूपासून विझली नव्हती. रोज रात्री निखारे राखेखाली झाकायचे, सकाळी फुंकून चेतवायचे. नवा संसार मांडणाऱ्याने पहिला विस्तव आईच्या चुलीतून न्यायचा. डर्मटला आई नव्हती; त्याला तो ऊनाने दिला होता.

"मी नाही ओतलं तर दुसरा कुणी ओतेल."

"ओत. सावकाश, पोरांच्या डोळ्यांत राख जाईल."

पाणी पडलं. वाफ छपरापर्यंत गेली. डर्मट रिकामी बादली धरून तिथेच घुटमळला.

"आता हा विस्तव तुझ्याच घरी उरलाय," पोरांना घेऊन बाहेर पडताना ऊना म्हणाली. "बायकोला सांग, नीट झाकत जा. आणि तुझ्या दारात बादली यायच्या आधी कुणाला तरी देऊन ठेव."